तक्त्यातल्या ओळी कोण ठरवतं?

मिक्सर घ्यायचा असो, प्रेशर कुकर असो की लग्नाची पैठणी, ऑनलाइन दुकानात शिरलेलं गिऱ्हाईक शेवटी दोन-तीन वस्तूंपाशी येऊन अडतं. किमतीत थोडाफार फरक, फोटो सारखेच चकचकीत, वर्णनं एकाच साच्यातली. तेवढ्यात पानाच्या खालच्या बाजूला एक तक्ता दिसतो. उभ्या रकान्यांत वस्तू, आडव्या ओळींत त्यांचे गुण, मध्ये आकडे, बरोबरच्या हिरव्या खुणा आणि लाल फुल्या. वर्णनाकडे संशयाने पाहणारा माणूसही हा तक्ता मात्र विश्वासाने वाचतो. त्यात विशेषणं नसतात. सगळ्या वस्तूंना एकच माप लावलं आहे असं तो पाहताक्षणी वाटतं, आणि माप लावणाऱ्याने बाजू घेतली असेल ही शंका सहसा मनात येत नाही.

हा विश्वास फार मोठा आहे आणि तो दुकानदाराने कमावलेला नसतो, तक्त्याच्या मांडणीमुळे त्याला आयता मिळालेला असतो. म्हणूनच तुलनेचा तक्ता कसा करावा यावर एक वेगळी पुस्तिका हवी होती. स्वतःचं ऑनलाइन दुकान उभारणं आता भांडीवाल्याला, विजेच्या उपकरणांच्या व्यापाऱ्याला, येवल्याच्या विणकराला किंवा देवगडच्या बागायतदाराला परवडू लागलं आहे. दुकानाच्या तयार साच्यात तुलनेची सोयही असते. कंपनीकडून आलेली माहितीची शीट त्यात भरली की तक्ता तयार होतो. इतकं सोपं असल्यामुळेच त्याचा विचार कुणी करत नाही. पुढची प्रकरणं तो विचार पायरीपायरीने करतात. या प्रस्तावनेत मला एकच मुद्दा नीट मांडायचा आहे. तक्ता खोटा ठरतो तो चुकीच्या आकड्यामुळे क्वचितच. तो खोटा ठरतो ओळींच्या निवडीमुळे, आणि ही निवड पहिला आकडा भरण्याआधीच होऊन गेलेली असते.

मिक्सरचंच पाहू. बाजारातल्या कुठल्याही दोन मिक्सरांचा तक्ता करायला घेतला की पहिली ओळ ‘वॅट’ अशी पडते. ५०० वॅट, ७५० वॅट, १००० वॅट. मोठा आकडा म्हणजे दणकट यंत्र, असं गिऱ्हाईक समजतं आणि विक्रेताही समजू देतो. पण वॅटचा आकडा सांगतो तो यंत्र विजेच्या तारेतून किती घेतं ते. पात्यापर्यंत त्यातलं किती पोचतं आणि किती उष्णता व आवाज होऊन वाया जातं, हे त्या आकड्यात नसतं. पात्याचा कोन, जारचा तळ, कपलरची पकड, जारच्या आतल्या बाजूचे उभे उंचवटे यांवर वाटण किती बारीक होईल हे ठरतं. यांतली एकही गोष्ट कंपनीच्या शीटवर ओळ बनून येत नाही. दुसरी ओळ असते फेऱ्यांची, मिनिटाला अठरा हजार, वीस हजार. हा आकडा बहुधा रिकामा मिक्सर फिरत असतानाचा असतो. भिजवलेली डाळ आत पडली की फेऱ्या उतरतात, आणि किती उतरतात हेच तर घेणाऱ्याला हवं असतं. तिसरी ओळ जारांची. तीन जार आणि चार जार यांत चार चांगले दिसतात. पण चौथा जार रसाचा असेल आणि घरात रस काढण्याची पद्धतच नसेल, तर तो माळ्यावर जातो. जारची क्षमता म्हणून जे लिटर छापतात ते पुष्कळदा काठोकाठचं माप असतं. झाकण लावून, उडू न देता त्यात किती वाटता येतं तो आकडा वेगळा.

मग येते वॉरंटी. ‘मोटारीवर ५ वर्षं’ ही ओळ तक्त्यात ठळक अक्षरांत असते. मिक्सर दुरुस्त करणाऱ्या कुठल्याही कारागिराला विचारा, त्याच्याकडे मोटार जळलेली यंत्रं येतातच, पण कपलर झिजलेला, कार्बन ब्रश संपलेले, जारखालचा बुश सैल होऊन पाणी गळतंय, झाकणाचं रबर फाटलंय, असलं काम कितीतरी जास्त येतं. हे झिजणारे भाग वॉरंटी-कार्डावरच्या बारीक अक्षरांत सहसा वगळलेले असतात. म्हणजे तक्त्यातली ओळ खरी आहे, पाच वर्षं खरी आहेत, आणि तरीही ती वाचून घेणाऱ्याच्या मनात जे चित्र तयार होतं ते खरं नाही. त्या ओळीखाली आणखी एक ओळ हवी होती: ‘वॉरंटीत काय येत नाही’. आणि त्याखाली आणखी एक: ‘जार किंवा कपलर सुटा मिळतो का, कुठे, किती रुपयांना’. गडचिरोलीतल्या किंवा वेंगुर्ल्यातल्या गिऱ्हाइकासाठी ही शेवटची ओळ वॅटपेक्षा महत्त्वाची आहे. कंपनीचा माणूस घरी येणार, की यंत्र बसमध्ये घालून जिल्ह्याच्या गावी न्यावं लागणार, हे त्याला पैसे देण्याआधी कळायला हवं.

या ओळी तक्त्यात का नसतात? दरवेळी कुणी मुद्दाम लपवतं असं नाही. ओळी कंपनीच्या शीटमधून येतात, आणि कंपनी आपल्या शीटमध्ये स्वतःला सोयीच्या ओळी घालते. दुकानदार त्या उचलतो. दुसऱ्या कंपनीच्या शीटमध्ये ती माहिती नसली की तिच्या रकान्यात फुली पडते. अशा रीतीने कुणीही खोटं न बोलता एक खोटा तक्ता तयार होतो. त्याची जबाबदारी मात्र दुकानदाराचीच राहते, कारण तो त्याच्या पाटीखाली छापला जातो.

कायद्यालाही ही गोष्ट चांगली ठाऊक आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे. तिच्यात वस्तूचं खोटं वर्णन आणि खोटी हमी यांच्या जोडीला, महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणं हेही धरलं आहे. या कायद्याखाली स्थापन झालेलं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण अशा जाहिरातीसाठी उत्पादकाला १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसंच केलं तर ५० लाखांपर्यंत दंड करू शकतं. जाहिरात व्यवसायाने १९८५ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या संहितेतही तुलनात्मक जाहिरातीला मुभा आहे, पण अटींवर. वस्तूच्या कोणत्या बाजूंची तुलना चालली आहे ते स्पष्ट हवं, तुलनेचा विषय जाहिरातदाराला कृत्रिम फायदा मिळावा अशा बेताने निवडलेला नसावा, आणि मांडलेलं सिद्ध करता यावं. यातली दुसरी अट मला सर्वांत मोलाची वाटते. आकडा बरोबर आहे का एवढंच विचारून ती थांबत नाही. हाच आकडा का घेतला, असं ती विचारते. ही पुस्तिका वाचणाऱ्या प्रत्येक दुकानदाराने आपला प्रत्येक तक्ता या एका प्रश्नापुढे ठेवून पाहावा.

याहून सूक्ष्म एक प्रकार आहे. १९८२ मध्ये जोएल ह्यूबर, जॉन पेन आणि ख्रिस्तोफर प्यूटो या अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिलं, की दोन वस्तूंत निवड चालू असताना तिसरी अशी वस्तू शेजारी ठेवली, जी त्यांतल्या एकीपेक्षा कुठल्याच बाबतीत सरस नाही आणि निदान एका बाबतीत कमी आहे, तर त्या एकीकडे लोकांचा ओढा वाढतो. तिसरी वस्तू घेणार कुणीच नसतं. तिचं काम फक्त शेजारणीला उजळ दाखवण्याचं. तुलनेच्या तक्त्यात असा रकाना घालणं सहज जमतं: महाग मिक्सरच्या शेजारी तेवढ्याच किमतीचा, पण एक जार कमी असलेला मिक्सर. सगळे आकडे खरे, सगळ्या ओळी योग्य, आणि तरी तक्त्याने गिऱ्हाइकाला धरून एका दिशेला वळवलेलं असतं. म्हणून रकान्यांच्या निवडीबद्दलही एक साधा नियम पुढे दिला आहे तो मला पटतो. तक्त्यात ज्या वस्तू घेतल्या त्या कुठल्या निकषावर घेतल्या, हे तक्त्याच्या वर एका वाक्यात लिहावं. ‘आमच्या दुकानात ३००० ते ५००० रुपयांत असलेले सगळे मिक्सर’ असं लिहिलं की रकाना निवडण्याची मोकळीक आपोआप आटोक्यात येते. आणि दुकानात नसलेला पण त्या किमतीत गावभर खपणारा एखादा मिक्सर तक्त्यात घेण्याची हिंमत झाली, तर त्या तक्त्याची पत निराळीच होते.

आकडे खरे असूनही एकमेकांशी न जुळणारे असतात, ही दुसरी मोठी अडचण. पॉवर बँकेचा तक्ता हे त्याचं नेमकं उदाहरण. २०,००० एमएएच हा आकडा आतल्या सेलचा असतो आणि सेलचा दाब ३.७ व्होल्ट धरलेला असतो. आपण फोन जोडतो तो ५ व्होल्टच्या तोंडाला. ऊर्जेत हिशेब केला तर २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॅट-तास. ५ व्होल्टला तेच भरतं १४,८०० एमएएच, आणि दाब चढवताना वाया जाणारा भाग वजा केला की त्याहूनही कमी. ५,००० एमएएचच्या फोनची बॅटरी साधारण १९ वॅट-तासांची. म्हणजे चार वेळा फोन भरेल असं समजून घेतलेली पॉवर बँक तीन-सव्वातीन वेळाच भरते. यात कुणी कुणाला फसवलेलं नसतं, कारण पाठीमागे बारीक अक्षरांत प्रत्यक्ष मिळणारी क्षमताही छापलेली असते. पण तक्ता करणाऱ्याने एका पॉवर बँकेचा सेलचा आकडा आणि दुसरीचा प्रत्यक्ष क्षमतेचा आकडा एकाच ओळीत मांडला, तर दुसरीवर अन्याय होतो. अशा वेळी ओळच बदलावी. ‘वॅट-तास’ अशी ओळ घालावी. विमानात हातसामानात १०० वॅट-तासांपर्यंतची पॉवर बँक सर्वसाधारणपणे चालते, तेव्हा हाच आकडा प्रवाशालाही उपयोगी पडतो.

एअर कंडिशनरचे तारेही तसेच. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची तारांकन योजना २००६ पासून चालू आहे आणि तिचे निकष मधूनमधून कडक होत जातात. स्प्लिट एसीला २०१८ च्या कोष्टकानुसार पाच ताऱ्यांसाठी ४.५ कार्यक्षमता-गुणांक पुरत होता. जुलै २०२२ मध्ये तो ५ करण्यात आला. तेव्हा ‘५ स्टार’ असं लिहून भागत नाही, स्टिकरवरचं वर्षही लिहावं लागतं. स्टिकरवर वर्षाची युनिटं छापतात ती १६०० तासांच्या वापरावर काढलेली असतात. नागपूरच्या मे महिन्यात रात्रंदिवस चालणाऱ्या एसीला तो आकडा बिल म्हणून लागू होत नाही, दोन एसींची आपापसांत तुलना करायला मात्र तो उत्तम.

किमतीचा प्रश्न यापेक्षा सोपा, तरी दुर्लक्षित. वेष्टनबंद वस्तूंवर एकक-किंमत, म्हणजे दर ग्रॅमला, दर किलोला किंवा दर नगाला किती पडतात ते, छापण्याची तरतूद वैधमापन नियमांत २०२१ च्या दुरुस्तीने आली. तक्त्यात ही ओळ पहिली असायला हवी. जिथे कायदा लागत नाही तिथेही ती घालावी. हापूसचंच घ्या. डझनाचा भाव दोन्ही बागायतदारांचा सारखा, पण एकाचं फळ १८० ग्रॅमचं आणि दुसऱ्याचं २८० ग्रॅमचं असेल, तर एका डझनात दोन किलोंच्या थोडं वर आंबा येतो आणि दुसऱ्यात साडेतीन किलोंच्या जवळ. डझन हे आपलं जुनं, आवडतं माप आहे, ते मोडायचं कारण नाही. पण त्याच्या शेजारी फळाचं वजन लिहिल्याशिवाय तो भाव भाव नव्हे. २०१८ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांच्या हापूसला आहे. तेव्हा ‘कोणत्या तालुक्यातली बाग’ ही ओळही हवी, आणि ती बागायतदाराला अभिमानाने भरता येते.

रिकाम्या चौकटीबद्दल थोडं सविस्तर लिहायलाच हवं, कारण सर्वांत जास्त अन्याय तिथे होतो. माहिती मिळाली नाही, गुण वस्तूत नाही, आणि तो गुण त्या वस्तूला लागूच होत नाही, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तयार साच्यांत बहुतेक वेळा तिन्हींसाठी एकच लाल फुली असते. प्रेशर कुकरच्या तक्त्यात ‘इंडक्शनवर चालतो’ या ओळीत एका कुकरपुढे फुली आहे. तो चालत नाही, की कंपनीने सांगितलं नाही? स्टीलचा कुकर असेल तर चुंबक लावून पाहायला अर्धं मिनिट लागतं. ज्याचा तळ चुंबक धरतो तो इंडक्शनला चालण्याची शक्यता भरपूर. नाही धरला तर चालणार नाही हे पक्कं. ते अर्धं मिनिट न घालवता फुली मारणं म्हणजे एका उत्पादकाचा माल न तपासता नापास करणं. पुस्तिकेत तिन्हींसाठी तीन वेगळे शब्द सुचवले आहेत: ‘नाही’, ‘माहिती मिळाली नाही’, ‘लागू नाही’. खुणांपेक्षा शब्द बरे, याला आणखीही एक कारण आहे. हिरवा आणि लाल रंग ज्यांना वेगळे ओळखू येत नाहीत, आणि ज्यांना पडदा दिसत नसल्यामुळे यंत्र वाचून दाखवतं, त्यांच्यापर्यंत शब्दच पोचतात.

कुकरच्या बाबतीत एक ओळ तुलनेची नसते, तिथे रकानाच घालायचा की नाही हे ठरतं. घरगुती प्रेशर कुकरवर आयएसआय खूण २०२० च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने सक्तीची झाली आणि २०२१ पासून ती लागू आहे. २०२२ मध्ये ही खूण नसलेले कुकर विकू दिल्याबद्दल मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांना ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दंड केला होता. तेव्हा ‘आयएसआय: आहे / नाही’ अशी ओळ करणंच चूक. ज्याच्यावर ती नाही तो कुकर तक्त्यात आणि दुकानात येताच कामा नये. सुरक्षितता ही पसंतीची बाब असल्यासारखी वॅट आणि रंगांच्या रांगेत बसवलेली पाहिली की मला फार अस्वस्थ वाटतं.

आता पैठणी. इथे आकडे जवळजवळ संपतात आणि तक्त्याची खरी कसोटी लागते. ऑनलाइन दुकानांत ‘पैठणी’ या एकाच नावाखाली दोन-तीन हजारांची साडी असते आणि लाखाच्या घरातलीही. फोटोत दोघींच्या पदरावर मोर आहेत, काठ जरीचे आहेत. तक्ता करायला बसलं तर कुठल्या ओळी घालाल? सूत रेशमाचं आहे की कृत्रिम धाग्याचं, ही पहिली. विणकाम हातमागावरचं की यंत्रमागावरचं, ही दुसरी. या दोन ओळी सतत एकीत मिसळल्या जातात. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ मध्ये सुरू झालेली सिल्क मार्कची खूण साडी शुद्ध रेशमाची असल्याची ग्वाही देते; ती हातमागावर विणली आहे असं ती सांगत नाही. त्यासाठी हातमागाची वेगळी खूण २००६ पासून आहे. यंत्रमागावर विणलेल्या शुद्ध रेशमी साडीपुढे सिल्क मार्कची बरोबरची खूण टाकून, शेजारी ‘अस्सल पैठणी’ असं लिहिलं, की वाचणाऱ्याच्या मनात दोन्ही गोष्टी एक होतात. येवल्यातला जो विणकर आठवडेच्या आठवडे मागावर बसून एक पदर उतरवतो, त्याच्या पोटावर हा पाय असतो.

हाताने विणलेल्या पैठणीचा पदर आणि काठ उलट्या बाजूनेही सुलट्यासारखाच दिसतो, कारण नक्षीचा प्रत्येक रंग आपापल्या जागी धाग्यात धागा अडकवून विणलेला असतो. यंत्रमागाच्या किंवा ब्रोकेडच्या साडीत मागच्या बाजूला मोकळे किंवा कातरलेले धागे दिसतात. तेव्हा तक्त्यात ‘उलटी बाजू’ अशी ओळ घालावी आणि चौकटीत आकड्याऐवजी पदराच्या मागच्या बाजूचा जवळून काढलेला फोटो ठेवावा. जरीचंही तसंच: चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा दिलेली, तांब्याची, की निव्वळ प्लॅस्टिकची पट्टी, हे स्पष्ट लिहावं. विणायला लागलेले दिवस लिहावेत. स्वस्त साडीला कमी लेखण्याचं यात काहीच कारण नाही. सेमी पैठणी नेसून कितीतरी बायका हौसेने मिरवतात, ती धुवायला सोपी, रोजच्या समारंभांना बरी. तक्त्यात तिच्यासाठी ‘घरी धुता येते’ ही ओळ असावी आणि त्या ओळीत लाखाची साडी हरावी. दोन्ही साड्या आपापल्या जागी प्रामाणिकपणे उभ्या राहतात तो तक्ता चांगला.

हे सगळं करणारा दुकानदार तटस्थ असतो का? नसतो, आणि तसं भासवूही नये. अमेरिकेतली कन्झ्युमर रिपोर्ट्स ही संस्था १९३६ पासून वस्तूंची तुलना करते. ती जाहिराती घेत नाही आणि तपासायच्या वस्तू स्वतः बाजारातून विकत आणते. जर्मनीत १९६४ मध्ये सरकारच्या पुढाकाराने उभी राहिलेली स्टिफ्टुंग वारेनटेस्ट हेच काम करते. आपल्याकडे मुंबईत १९६६ पासून कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ग्राहकांच्या बाजूने उभी आहे, आणि १९७५ च्या गुढीपाडव्याला सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने तर एकत्र खरेदीतून घराघरांत चांगला माल रास्त भावात पोचवून दाखवला. या संस्थांना विकायचं काही नव्हतं. दुकानदाराला विकायचं आहे. एखाद्या मॉडेलवर त्याला जास्त मार्जिन आहे, एखाद्याची स्कीम चालू आहे, एखाद्याचा जुना स्टॉक गोदामात पडून आहे. त्याच्या तक्त्याकडून तटस्थपणाची अपेक्षा करणं व्यर्थ, पण उघडपणाची करता येते. तक्त्यात एखाद्या रकान्यावर ‘आमची निवड’ असा रंगीत पट्टा लावला असेल तर ती निवड का, हे खाली लिहावं. कंपनीने त्या जागेसाठी पैसे दिले असतील तर तेही लिहावं. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनी ऑनलाइन बाजारपेठांना, माल ज्या क्रमाने दाखवला जातो त्यामागचे मुख्य निकष साध्या भाषेत सांगायला लावलं आहे. नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी ज्या तेरा फसव्या क्लृप्त्यांना मनाई केली, त्यांत मजकुराच्या वेशातली जाहिरातही आहे. लहान दुकानाला यातलं कोणतं कलम नेमकं लागू पडतं हे पुस्तिकेत नीट सांगितलं आहे.

एक चाचणी मात्र मी इथे आग्रहाने सांगतो. तयार झालेला तक्ता समोर ठेवावा आणि आपल्याला सगळ्यांत जास्त नफा देणारी वस्तू त्यात कुठल्या ओळीत हरते ते शोधावं. कुठेच हरत नसेल, तर ती ओळ आपण गाळलेली आहे. जगात सर्वच बाबतींत सरस अशी वस्तू क्वचित असते. दणकट मिक्सर जड असतो आणि आवाज करतो, हलका कुकर लवकर तापतो पण तळ करपवतो.

दुकानदारांची यावर रास्त तक्रार असते: उणीव लिहिली तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. जातं, हे खरं आहे, काही विक्री बुडते. पण परत येणारा माल काय किमतीला पडतो हेही तेच दुकानदार जाणतात. दोन्ही वेळचं कुरिअर, फाटलेलं खोकं, उघडलेला आणि म्हणून नवा म्हणून न विकता येणारा मिक्सर, आणि रागाने लिहिलेला अभिप्राय. लहान दुकानाला हे सोसत नाही. परत पाठवलेल्या मालाची कारणं दुकानाच्या वहीत असतातच. ‘वाटलं होतं त्यापेक्षा लहान निघाला’, ‘फार आवाज’, ‘ओट्याखालच्या कप्प्यात मावत नाही’. तक्त्याच्या ओळी कंपनीच्या शीटऐवजी या वहीतून काढाव्यात, हा या पुस्तिकेतला मला सर्वाधिक आवडलेला सल्ला आहे.

स्वतः चाचणी करणं लहान दुकानालाही शक्य आहे. मिक्सरसाठी एकाच पोत्यातली हरभऱ्याची डाळ, तेवढेच तास भिजवलेली, तेवढ्याच वजनाची, तेवढ्याच पाण्यात, घड्याळ लावून वाटावी. मग एकाच चाळणीतून गाळून वर राहिलेला चोथा तोलावा. सुक्या मसाल्यासाठी भाजून गार केलेलं खोबरं आणि धणे घ्यावेत. दोन चाचण्यांमध्ये यंत्र पूर्ण निवू द्यावं. मग तक्त्यात ‘आम्ही वाटून पाहिलं’ अशी ओळ घालावी आणि पद्धत खाली लिहावी, म्हणजे कुणालाही ती घरी करून पाहता येईल. असे दोन-चार आकडे कंपनीच्या चाळीस ओळींपेक्षा जड आहेत. चाळीस ओळींचा तक्ता तसाही मोबाइलच्या पडद्यावर कुणी वाचत नाही. त्या गर्दीत महत्त्वाची ओळ बुडते. सात-आठ ओळी आणि तीन वस्तू, याच्या पलीकडे जाताना विचार करावा.

राहिलं ते देखभालीचं. किंमत बदलते, मॉडेलचा क्रमांक तोच राहून आतला भाग बदलतो, एसीच्या स्टिकरचं वर्ष बदलतं. तक्त्याच्या खाली ‘माहिती कधीची’ ही तारीख हवी आणि प्रत्येक ओळीपुढे माहिती कुठून आली ते हवं: कंपनीची शीट, वस्तूवरची पाटी, की आपली मोजणी. चूक सापडली तर गुपचूप न पुसता, काय बदललं ते दोन शब्दांत नोंदवावं. दुकानात हे काम कुणाचं, ते नाव ठरलेलं असावं, नाहीतर ते कुणाचंच राहत नाही. पुस्तिकेच्या शेवटी कोरे तक्ते दिले आहेत. त्यांत वस्तूंचे रकाने आखलेले आहेत, ओळींची नावं मात्र मुद्दाम मोकळी सोडली आहेत. ती भरण्याआधी वरच्या रेषेवर ‘हा तक्ता कुणासाठी’ हे लिहायचं आहे: एकटा राहणारा विद्यार्थी, सहा माणसांचं घर, रोज शंभर जणांचं वाटण काढणारी खानावळ.